मदत हवी आहे: दाबाच्या पाण्याने ड्रेनेज लाइन साफ करायच्या जेटिंग मशीनचं नोझल बेंडवर अडतंय, कोणतं घ्यावं?

तुंबलेला: मशीनचा दाब 150 बार, पाणी मिनिटाला 15 लिटर. होज पाव इंची, 30 मीटर. लाइन 4 इंची, आत तेलकट थर. नोझलला पुढे एक आणि मागे तीन भोकं, सगळी 1 मिमीची. मागची होजच्या रेषेशी 45 अंशात. बेंडवर नोझल नुसतं थरथरतं. इंजिन पूर्ण वेगात असूनही दाबाचं गेज 75 च्या वर जात नाही. पंप गेला का? मागे सहा भोकं असलेलं घेतलं तर ओढ वाढेल का?

चेंबरवाला: आधी नोझल काढून मिनिटभर पाणी बादलीत मोजा. 15 लिटरच्या आसपास भरलं तर पंपाच्या मागे लागू नका, भोकं मोठी आहेत.

पाव इंची होजमध्ये 15 लिटरला मीटरमागे साधारण 1 बार जातो. म्हणजे तुमच्या 75 मधले 30 होजनेच खाल्ले, नोझलला उरले 45. पाणी तेवढंच असताना भोकाचा व्यास थोडा जरी बदलला तरी दाब चौथ्या घाताने बदलतो. चारही भोकं 1 ऐवजी 0.8 मिमीची असती तर नोझलवर 110 आणि गेजवर 140 दिसले असते. झिजेचंही तेच: भोक दहा टक्के मोठं झालं की नोझलवरचा दाब एक तृतीयांशाने उतरतो. बाहेरून नोझल नवं दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

सहा भोकं चालतील, पण एकूण क्षेत्रफळ 0.8 च्या चार भोकांएवढंच ठेवायचं तर प्रत्येक भोक जेमतेम 0.65 मिमी. ती रेतीच्या एका कणाने बुजतात.

उलटीधार: ओढीचं गणित वेगळं. मागच्या धारा नोझल पुढे ढकलतात, पुढची धार तेच मागे रेटते. तुमच्या नोझलची ओढ हिशेबाने पाऊण किलोसुद्धा भरत नाही. त्यात बेंडवर होज भिंतीला घासणार, मग थरथरेल नाहीतर काय! पुढे भोक नसलेलं, मागे 30 अंशात 0.8 ची चार भोकं असलेलं घ्या; तीन किलोच्या वर ओढ मिळेल. 15-20 अंशात ओढ आणखी थोडी वाढते, पण धार भिंतीवर तिरकी घसरते आणि तेलाचा थर तसाच राहतो. तुमच्या लाइनला 30 बरं. बेंडसाठी आखूड, गोल तोंडाचं पाहा. लांबुळकं नोझल 90 अंशात आडवं अडकतं.

तुंबलेला: लाइन पूर्ण बंद असेल तर पुढच्या धारेशिवाय कसं? आणि दुकानात 055, 06 असे नंबर सांगतात, त्यातलं कोणतं?

चेंबरवाला: 055 म्हणजे 5.5. हा आकडा 4000 पीएसआय (दाबाचंच दुसरं एकक) दाबाला मिनिटाला किती अमेरिकन गॅलन जातात ते सांगतो. होजमधला तोटा धरून तुम्हाला 06. 055 लावलंत तर गेज 170 कडे जाऊ पाहील, अनलोडर (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) पाणी बायपासला, म्हणजे नोझलऐवजी दुसरीकडे, सोडेल आणि ओढ झटक्याझटक्याने येईल.

उलटीधार: पूर्ण बंद लाइनसाठी दुसरं नोझल ठेवाच: पुढे एक, मागे चार, सगळी 0.7 ची. फक्त वाट पाडायची आणि काढून घ्यायचं. मग मागच्या धारांचं लावून उताराकडच्या चेंबरमधून वर जायचं, म्हणजे सुटलेला गाळ पाण्याबरोबर तुमच्याकडे येतो. खरी सफाई होज हळूहळू मागे ओढताना होते. भसकन ओढलं तर थरावर नुसते चरे पडतात.

चेंबरवाला: नोझल बसवण्याआधी होज मिनिटभर मोकळी वाहू द्या. टेफलॉन टेपचा तुकडा भोकात अडकणं हा नेहमीचा घोळ: गेज एकदम चढतं, होज एका बाजूला हिसके देते. भोक साफ करायला तार किंवा सुई चालेल, ड्रिल नाही.

होजच्या टोकापासून मीटरभरावर लाल टेप गुंडाळा. नोझल तेवढं आत गेल्याशिवाय मशीन चालू नको, आणि बाहेर येताना टेप दिसली की आधी बंद. ही धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक रुग्णालयात जायचं.