"कार्ड उचलत नाही" म्हणजे नक्की काय? (फ्रीबीएसडी)

मिरजवाला:
पोरांसाठी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं मराठी टिपण लिहितोय, एका शब्दावर अडलोय. सांगलीत रिपेरिंगच्या कुठल्याबी दुकानात जा, ग्राफिक्स कार्ड चाललं नाही की म्हणणार "कार्ड उचलत नाही". बोलायला झकास आहे पण लिहिताना पंचाईत होते, कारण एका पोराचं "उचलत नाही" म्हणजे स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकलेली आणि दुसऱ्याचं म्हणजे बूट होताहोताच काळीकुट्ट. दोघांना एकच उपाय कसा सांगू?

कराडकर:
घाटात गाडी उचलत नाही म्हणजे पिकअप नाही, कारखान्याची पहिली उचल म्हणजे उसाचे पैसे. कंप्युटरचं उचलणं यातलं कुठलंच नाही राव, ते रेंज पकडण्याच्या जवळचं. माझं मत, बोलण्यातनं काढायचं नाही, पण मदत मागताना एवढंच बोलून थांबायचं नाही.

वाईकर:
बरोबर, कारण फ्रीबीएसडीत हे तीन ठिकाणी अडू शकतं. पहिलं 'दिसणं'. पीसीआयकॉन्फ -एलव्ही ही कमांड मारली की कार्डाचं नाव येतं, तिथं व्हीजीएपीसीआय० लिहिलेलं बघून लोक खूश होतात, पण ते ड्रायव्हर नसला तरी येतंच. दुसरं ड्रायव्हरनं कार्ड 'ताब्यात घेणं'. एनव्हिडिया असेल तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) संदेशांत, "एनव्हिडिया० ऑन व्हीजीएपीसीआय०" अशी ओळ पाहिजे, ती नसेल तर ड्रायव्हर नुसता डिस्कवर पडलाय. तिसरं 'काम करणं'. जीएलएक्सइन्फो कमांडमध्ये रेंडररसमोर (चित्र कोण काढतंय त्यासमोर) एलएलव्हीएमपाइप आलं तर चित्र सीपीयूच काढतोय, कार्ड बसलंय निवांत. तुझं १०२४ वालं पोर बहुतेक दुसऱ्या पायरीवर आहे, डेस्कटॉप एससीएफबी या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालू झालाय म्हणून रिझोल्यूशन बदलत नाही.

मिरजवाला:
हे भारी. त्याचं कार्ड जीटी ७१० आहे, त्यानं एनव्हिडियाचा सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकलाय.

वाईकर:
मग उचलणार कसं, ते केप्लर या जुन्या पिढीचं आहे, त्याला ड्रायव्हरची ४७० चीच शाखा लागते. एनव्हिडिया-ड्रायव्हर-४७० टाकायला सांग आणि आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये केएलडी_लिस्टला (बूटच्या वेळी कर्नलमध्ये घ्यायच्या मॉड्यूलांची, म्हणजे ड्रायव्हरच्या तुकड्यांची यादी) एनव्हिडिया-मोडसेट जोडायला सांग. इंटेल किंवा एएमडी असतं तर डीआरएम-केमॉड हे ड्रायव्हरचं पॅकेज टाकून तिथं आय९१५केएमएस नाहीतर एएमडीजीपीयू लिहायचं, आणि युजरला व्हिडिओ ग्रुपमध्ये घालायचं. हे शेवटचं निम्मे लोक विसरतात, मग रूटला चालतंय आणि मला नाही म्हणून गावभर बोंब.

कराडकर:
यातच अजून एक शब्दांचा घोळ आहे बघ, 'टाकणे' आणि 'चढवणे'. पीकेजी इन्स्टॉल म्हणजे टाकणे, केएलडीलोड म्हणजे चढवणे. विंडोजवाल्याला दोन्ही एकच वाटतं कारण तिथं टाकलं की आपोआप चढतं. इथं टाकलेलं मॉड्यूल आपण चढवल्याशिवाय चढत नाही.

मिरजवाला:
आणि दुसऱ्याचं, काळ्या स्क्रीनवालं? त्याचं इंटेल आहे, आधी मस्त चालत होतं, सिस्टिम अपग्रेड केल्यावर बिघडलं.

वाईकर:
ते टाकलेलंही आहे आणि चढवायचा प्रयत्नही होतोय, फक्त कर्नलशी जुळत नाही. पॅकेज जुन्या रिलीजच्या कर्नलवर बांधलेलं असतं आणि याचा कर्नल पुढं गेलेला असतो, मग एकतर "व्हर्जन मिसमॅच" म्हणून मॉड्यूल नाकारतं नाहीतर पॅनिक होतं, म्हणजे कर्नलच कोसळतो. बूट मेनूत २ दाबून सिंगल युजरमध्ये (दुरुस्तीच्या मोडमध्ये) जा, डिस्क लिहिण्याजोगी माउंट कर, केएलडी_लिस्टची ओळ बंद कर, नीट बूट झालं की डीआरएम-केमॉड पोर्ट्समधनं (सोर्सवरनं बांधायच्या संग्रहातनं) आपल्याच कर्नलवर बांधून घे. टिपणात याला 'जुळत नाही' लिही, 'उचलत नाही' लिहिलंस तर पोरगं कार्ड काढून पुसत बसेल.

मिरजवाला:
ठरलं, दिसणं, ताब्यात घेणं, काम करणं आणि जुळणं. चढवलेलं परत काढायचं त्याला 'उतरवणे' चालेल ना?

कराडकर:
शब्द चालेल की, मॉड्यूल उतरणार नाही. डेस्कटॉप चालू असताना केएलडीअनलोड मारलंस तर "डिव्हाइस बिझी" म्हणतंय. आरसी.कॉन्फमधली ओळ बदल आणि सरळ रिबूट मार.