उंचीची भीती आहे, तर आधी काय करावं: झिपलाइन, रॅपलिंग की क्लाइंबिंग?

पायवाट

मंडळी, सल्ला हवाय. डोंगरात, जंगलात चालायची मला जुनी सवय आहे. चढ, घसारा, काटे, जळवा यांचं काही वाटत नाही. पण कड्याच्या टोकाशी गेलं की पोटात गोळा येतो, नि बाकीचे पुढे जाऊन फोटो काढत असताना मी मागे झाड धरून उभी राहते.

आता मुलीने गळ घातली आहे. वय सतरा, भीती शून्य. डोंगरातल्या एका शिबिराला दोघींनी जायचं ठरतंय. त्यांच्या यादीत झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाणं), रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), क्लाइंबिंग, लोखंडी तारेला अडकवून जायची एक कड्यातली वाट आणि धबधब्यातून दोरावर उतरणं, इतकं आहे. सगळं करायची सक्ती नाही.

माझ्यासारखीने सुरुवात कशाने करावी? आणि दोरातलं ओ की ठो कळत नसताना समोरच्याची व्यवस्था नीट आहे की नाही हे ओळखायचं कसं? चष्मा आहे, वजन थोडं जास्त आहे, हेही सांगून ठेवते.

वारा प्यायलेला

झिपलाइन! विचार करायला वेळच मिळत नाही. पट्टा लावला, ढकललं, पलीकडे पोचलात. भीती गेली की मग बाकीचं.

खालचा दोर

वाऱ्याशी मी सहमत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या गटात माझं काम कड्याच्या पायथ्याशी असतं. वरून उतरणाऱ्याचा दोर खाली हातात धरून उभं राहायचं आणि त्याचा हात सुटला तर दोर ओढून त्याला जागेवर थांबवायचं. त्यामुळे नवशिक्यांचे चेहरे मला फारसे दिसत नाहीत, दिसतात ते बुटांचे तळवे. पण कोण घाबरलंय हे तळव्यांवरूनही कळतं.

झिपलाइनमध्ये तुम्ही सामान असता. काही सेकंद ओरडायला मजा येते, पण स्वतःला काहीच करायचं नसतं. तिथे भीती जात नाही, फक्त तिला तोंड वर काढायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या दिवशी कड्यावर गेलात की ती तिथेच हजर. झिपलाइन जरूर करा, पण करमणूक म्हणून. तिथे वजन विचारतात त्याचा राग मानू नका. फार हलका माणूस तारेच्या मधल्या झोळात अडकून राहतो आणि फार जड माणूस शेवटच्या ब्रेकवर जोरात जाऊन आदळतो. वजन न विचारता कुणी पट्टा बांधायला लागलं, तर काळजी तिथे करायची. आणि पुलीच्या पुढची तार हाताने धरायची नाही, बोटं चिरडतात.

आता रॅपलिंग. बऱ्याच ठिकाणी नवशिक्यांना पहिल्यांदा हेच करायला लावतात, कारण दोर लावला की पाठोपाठ माणसं उतरवता येतात. पण उंचीला घाबरणाऱ्यासाठी याची रचनाच उलटी आहे. सगळ्यात भीतीचा क्षण अगदी पहिला येतो. दरीकडे पाठ करायची, कडेवर टाचा टेकायच्या आणि मागे रेलायचं. शरीर म्हणतं पुढे वाक, कातळाला चिकट. तसं केलं की पाय सरळ खाली लोंबतात, बुटाचा तळवा कातळाला टेकत नाही आणि घसरून गुडघे फुटतात. खालून मला हे लगेच दिसतं. पूर्ण तळवा दिसला की माणूस चिकटून बसलाय. बुटाची टाच दिसली आणि तळवा कातळावर सपाट बसला की समजायचं, आता तो मागे रेललाय, आता नीट उतरेल.

दुसरी गोष्ट हातांची. घाबरलेला माणूस वरचा दोर दोन्ही हातांनी गच्च धरतो. त्या दोराने काही थांबत नाही. ब्रेक असतो खालच्या हातात, कमरेशी, डिसेंडरच्या (दोर ज्यातून सरकतो त्या धातूच्या साधनाच्या) खाली. तो हात सोडायचा नाही, बाकी काहीही सोडा.

क्लाइंबिंगमध्ये मात्र जमिनीवरून सुरुवात होते. दोर वरच्या अँकरमधून (दोर पक्का अडकवलेल्या जागेतून) फिरून खाली येतो, त्याचं एक टोक तुमच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांना) आणि दुसरीकडून बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, ढील काढत राहतो. हात सुटला तर दोराच्या ताणाइतकं, वीतभर नाहीतर हातभर खाली येऊन लोंबकळता. तेही आधी कमरेएवढ्या उंचीवर मुद्दाम करून बघता येतं. मी तर म्हणेन, वर जायच्या आधी हात सोडून त्या दोरावर बसाच. झेपेल तेवढं चढा, 'खाली घ्या' म्हणा, खाली या. पुढच्या वेळी आणखी थोडं वर. उंची किती हवी हे तुम्ही ठरवता, कडा ठरवत नाही. आणि वरून खाली सोडताना तुम्ही आपोआप मागे रेलून कातळावर पाय टेकत येता. म्हणजे निम्मं रॅपलिंग न सांगता शिकून होतं.

तेव्हा माझा क्रम असा: आधी टॉप रोपवर, म्हणजे असा वरून आलेल्या दोरावर क्लाइंबिंग, मग रॅपलिंग. बाकीचं त्यानंतर बघा.

व्यवस्था कशी ओळखायची, हा तुमचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. जंगलातल्या डोंगरात दोर बहुतेकदा झाडाला बांधतात, तर आधी झाडाकडे बघा. झाड जिवंत हवं, मांडीहून जाड हवं आणि स्लिंग (पट्ट्याचा गोल फास) बुंध्याच्या तळाशी गुंडाळलेली हवी. छातीएवढ्या उंचीवर बांधली की तरफेसारखा जोर येतो. कातळावर उगवलेलं झाड दिसायला दांडगं असतं, पण कधीकधी त्याच्या मुळ्या वीतभर मातीत पसरलेल्या असतात. पावसाळ्यानंतर तर असल्या झाडावर माझा विश्वास नसतो. अँकर एकाच झाडावर नको, दोन वेगळ्या जागी हवेत, एक गेला तर दुसऱ्याने धरावं म्हणून. दोर कड्याच्या धारेवरून जिथे खाली वळतो तिथे खाली जाड कापड, सतरंजी, जुना पाइप, काहीतरी घातलेलं हवं. नुसत्या ताणाने दोर सहसा तुटत नाही. ताणलेला दोर धारदार दगडावर घासला की मात्र कापला जातो.

तुमच्या अंगावरचं तुम्ही स्वतः तपासू शकता. हार्नेसचा कमरपट्टा कंबरेच्या हाडाच्या वर बसलेला हवा, ओढला तरी खाली सरकता कामा नये. पोट पुढे असेल तर हे नीट बघा, कारण पट्टा पोटाखाली बसला की उलटं होताना माणूस त्यातून निसटू शकतो. कॅरॅबिनरवर (दोर-पट्टे जोडायच्या धातूच्या कडीवर) बारीक आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेला २० किंवा त्याहून जास्त किलोन्यूटन, आडव्या दिशेला ७ च्या आसपास. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार, तेव्हा तुमच्या वजनाची काळजी सोडा. पण तोच कॅरॅबिनर आडवा फिरला किंवा लॉक न लावल्याने त्याचं दार उघडलं, तर ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून कड्याकडे जाण्याआधी लॉक हाताने दाबून बघायचं, रोज दोर लावणारेसुद्धा बघतात.

आणि एक प्रश्न त्यांना फोनवरच विचारा: 'रॅपलिंगला मुख्य दोराशिवाय सेफ्टी काय आहे?' उत्तर 'वरून दुसरा दोर' किंवा 'डिसेंडरच्या खाली प्रुसिक' असं यायला हवं. प्रुसिक म्हणजे बारीक दोरीची गाठ. भार आला की मुख्य दोराला आवळते, भार गेला की सरकते. १९३१ सालापासून वापरात आहे, त्यामुळे 'आमच्याकडे नसतं' हे उत्तर चालत नाही. 'आमची माणसं अनुभवी आहेत, काळजी करू नका' हे तर उत्तरच नव्हे.

ओला कातळ

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. धबधब्याबद्दल मी लिहितो, कारण त्यातच जास्त वावर असतो.

ताई, मुलगी कितीही मागे लागली तरी कोरड्या कड्यावर सराईतपणे उतरता येईपर्यंत दोघींनीही पाण्यात उतरू नका. पाण्याखाली आवाज पोचत नाही. वरचा ओरडतोय, खालचा ओरडतोय, मधल्याला फक्त घोंघाट. म्हणून शिट्टीच्या खुणा आधी ठरलेल्या असाव्या लागतात, आणि त्या गटागणिक वेगळ्या असतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. संकटाची एक डोंगरी खूण मात्र बऱ्याच ठिकाणी चालते: मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांनी येतं. जंगलात वाट चुकलात तरी कामी येते.

दुसरं, पाण्याच्या धारेखाली दोरावर अडकणं हे उंचीपेक्षा वाईट. सतत तोंडावर पाणी येत असेल तर श्वास घेता येत नाही आणि वरच्यांना वाटतं, हा विश्रांती घेतोय. यासाठी जाणते लोक दोर असा लावतात की अडकलेल्याला वरूनच ढील देऊन खाली सोडता येतं. 'दोर वरून सोडता येतो का' हे नक्की विचारा.

आणि आकाशाकडे बघण्यापेक्षा पाण्याकडे बघा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या खोऱ्यात पाऊस. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा नि काटक्या वाहून यायला लागल्या, दगडावरची ओल चढताना दिसली, की सामान गोळा करत बसायचं नाही, थेट वरच्या काठाला जायचं.

सुती कपडे नकोत, हे राहिलंच. भिजले की अंगातली ऊब खेचून घेतात.

पायवाट

खूपच उपयोगी पडलं, आभार. 'तोंड वर काढायला वेळ मिळत नाही' हे वाचून मुलगी माझ्याकडे बघून हसली.

दोन शंका. रॅपलिंग करताना मध्येच हातपाय गळाले तर? वर येता येत नाही, खाली जायची हिंमत नाही, मग काय? आणि चष्म्याचं काय करू?

खालचा दोर

मध्येच गोठणं अगदी नेहमीचं आहे, तुम्ही पहिल्या नसाल. त्या वेळी हात सोडू नका, पण पाय हलवत राहा. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळत राहिलं की मांड्यांच्या पट्ट्यांमुळे पायांतलं रक्त वर यायला अडथळा होतो, भोवळ येते. कातळाला पाय टेकवून आळीपाळीने भार द्या. खाली बघू नका हा सल्ला मी देत नाही. उलट बुटांकडे बघा, पुढचं पाऊल जिथे ठेवायचं त्या हातभर कातळाकडे बघा. शेवाळाचा हिरवा पट्टा कुठे आहे, कोरडा खडबडीत दगड कुठे आहे, हे शोधायला लागलं की डोक्याला काम मिळतं. आणि खाली माझ्यासारखा कुणी उभा असला तर त्याला मोठ्याने सांगा, 'थांबव'. तो दोर खेचेल, तुम्ही जिथे आहात तिथेच थांबाल. मग वरच्या मोकळ्या हाताने डोळे पुसा, रडा, देवाचं नाव घ्या, काय हवं ते करा. तुम्ही उतरत असताना खाली दोर कोण धरणार, हे कडेवर जायच्या आधी विचारून त्याचं नाव लक्षात ठेवा. अडकल्यावर नाव घेऊन हाक मारता येते.

चष्म्याला मागून दोरी बांधा. हेल्मेट त्यावरून बसतं का ते जमिनीवरच बघून घ्या.

तारेवरचा

लोखंडी तारेच्या वाटेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. अशा वाटा पहिल्या महायुद्धात डोलोमाइट्सच्या डोंगरांत सैनिकांच्या हालचालीसाठी बऱ्याच तयार झाल्या. दिसायला सोप्या वाटतात, हाताशी तार, पायाशी लोखंडी पायऱ्या. पण इथे पडलात तर तारेच्या खालच्या खुंटीपर्यंत घसरत जाता, त्यामुळे बसणारा झटका क्लाइंबिंगमधल्या झटक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. साध्या स्लिंगने स्वतःला अडकवून घेऊ नका. झटका शोषणारा, शिवून घडी घातलेला पट्टा असलेला खास संच मिळतो, तोच हवा. त्याला दोन कॅरॅबिनर असतात. खुंटीशी आल्यावर एक काढून पुढे लावायचा, मगच दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. ढग गडगडले तर त्या दिवशी तार विसरा. तुम्ही लोखंडाला बांधलेले असता.

वारा प्यायलेला

मी झिपलाइन म्हणालो ते मागे घेत नाही हां. पण वजनाचं कारण आज कळलं. माझ्या एका मित्राला अर्ध्यात थांबलेला असताना दोरीने ओढून आणलं होतं, आम्ही इतके दिवस पुलीला नावं ठेवत होतो.

पायवाट

आत्ताच फोन केला. सेफ्टीचा प्रश्न विचारला. पलीकडचे म्हणाले, 'वरून दुसरा दोर असतोच, आणि खाली एक जण. अँकर बघायचे असतील तर आधी येऊन बघा.' झाडांना बांधता का विचारलं तर म्हणाले, एक झाड आणि कातळात मारलेले दोन बोल्ट. मला तरी बरं वाटलं. धबधबा दोघींनीही यादीतून काढला. मुलगी फुगली आहे, फुगू दे. पहिल्या दिवशी क्लाइंबिंग.

आणखी काही सांगायचं राहिलं असेल तर सांगा.

खालचा दोर

ठीक वाटतंय.

राहिलेलं: कड्याच्या पोटाला मधमाश्यांचं मोहोळ लटकलेलं नाही ना, हे दोर लावायच्या आधी बघितलं का, तेही विचारा. जमिनीवर असताना माश्या उठल्या तर पळता येतं, दोरावर असताना येत नाही. त्या दिवशी अत्तर, वासाचं तेल नको.

केस लांब असतील तर वेणी घालून शर्टाच्या आत. ओढणी, जॅकेटच्या लोंबत्या नाड्या, गळ्यातलं काही, सगळं काढून ठेवा, डिसेंडरमध्ये ओढलं जातं आणि मग कापल्याशिवाय सुटत नाही. बोटांतल्या अंगठ्या घरीच ठेवा. निघत नसतील तर आदल्या रात्री साबण लावून काढा, सकाळी बोटं सुजलेली असतात.