झेंडे मोजून काय कळणार?

आंतरराष्ट्रीय शाळा निवडायची असेल तर ओपन डेला, म्हणजे शाळा बघायला बोलावतात त्या दिवशी, 'किती देशांची मुलं आहेत ते विचारा, शाळा लगेच कळते' असा एक सल्ला मिळतो, तो मला अर्धाच पटला. तो आकडा कुठलीही शाळा हौसेने सांगते. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये उभं राहून बघा, एका भाषेची मुलं एकाच टेबलावर कोंडाळं करून बसतात की सरमिसळ दिसते. (त्या दिवशीची शाळेची भाषणं चालू असताना सटकलात तरी चालेल, स्लाइड्स नंतर मेलवर येतातच.)

शाळेची भाषा मुलाला नवी असेल तर काय, हा मुद्दा मात्र त्या सल्ल्यात येतच नाही. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. नव्या भाषेतल्या गप्पा मुलं साधारण दोनेक वर्षांत उचलतात. इतिहासाचं उत्तर मुद्देसूद लिहिण्याइतकी अभ्यासाची भाषा यायला मात्र पाच ते सात वर्षं लागू शकतात. नववीत दाखल झालेल्या मुलाकडे तेवढा वेळच नसतो. वर ते फाडफाड बोलायला लागलं की त्याला आता मदत नको असं सगळ्यांनाच वाटतं. म्हणून थेट विचारा: भाषेसाठी वेगळा शिक्षक आहे का, तो किती वर्षं मिळतो, आणि त्या तासासाठी मुलाला कुठल्या विषयातून उठवतात? गणितातून उठवत असतील तर अवघड आहे.

पालकसभेला दुभाषा कोण असतो तेही विचारून घ्या. काही ठिकाणी पोरालाच बसवतात. आता स्वतःबद्दलच्या तक्रारीचं भाषांतर ते किती इमानदारीत करणार!