सोसायटी ग्रुप: ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये

*सेक्रेटरी, ए-१०२:* नमस्कार मंडळी. ऑफिसचा कॉम्प्युटर सकाळपासून सुरू होत नाहीये. काल रात्री विजा चमकत होत्या, लाईट तीन-चारदा गेली आली. आज बटण दाबलं की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. 'नो सिग्नल' येतं आणि मॉनिटर झोपतो. सगळ्यांची खाती, मेंटेनन्सची बिलं, ताळेबंद त्यातच आहे. वार्षिक सभा २८ तारखेला. चौदा पूर्ण दिवस आधी नोटीस द्यायची म्हणजे १३ च्या आत वाटली पाहिजे. आज ११.

*बी-३०४:* सभा पुढे ढकलता येईल का?

*सेक्रेटरी, ए-१०२:* ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. २८ नंतर दोनच दिवस उरतात, त्यात रविवार नाही.

*ट्रेझरर, सी-१०४:* बॅकअप मार्चअखेरचा आहे, पेन ड्राइव्हवर. एप्रिलपासूनच्या पावत्या फक्त त्या मशीनवर आहेत. रात्रभर झोप लागणार नाही मला.

*सी-५०१:* विंडोज उडालं असणार. माझा भाचा संध्याकाळी येतोय, फॉरमॅट मारून देईल. अर्ध्या तासाचं काम.

*बी-२०३ काका:* फॉरमॅट नको, त्यात हार्ड डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. कोणीही, कसलाही फॉरमॅट करू नका. मी सव्वीस वर्षं बँकेच्या शाखांमधली मशीन्स सांभाळली आहेत, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय. बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःची तपासणी करतं: प्रोसेसर, रॅम (म्हणजे तात्पुरत्या मेमरीची पट्टी), डिस्प्ले. ती पार पडली की कंपनीचा लोगो दिसतो, आणि त्यानंतर हार्ड डिस्कवरून विंडोज उचललं जातं. तुमच्याकडे लोगोसुद्धा येत नाहीये. म्हणजे गाडी हार्ड डिस्कपर्यंत पोचलेलीच नाही. मग विंडोजचा काय दोष?

*बी-२०३ काका:* ट्रेझररबाई, मशीन सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगदी मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, जळला तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. हिशेब बहुतेक जागच्या जागी आहेत.

*डी-४०२:* काकांचं ऐका, कृपया. आईच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर होते. असाच बंद पडला, दुकानात दिला, न विचारता फॉरमॅट करून परत आला. फोटो गेले. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने उघडला तर रॅम सैल होती, एवढंच.

*सी-५०१:* अरेरे. भाच्याला थांबवतो.

*सेक्रेटरी, ए-१०२:* काका, मी ऑफिसात बसलोय. सांगा काय करू.

*बी-२०३ काका:* गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, नाहीतर खाली आलो असतो. आधी सोपं बघा. मॉनिटरची निळी पिनवाली केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावा, स्क्रू आवळा.

*सेक्रेटरी, ए-१०२:* केलं. तसंच.

*बी-२०३ काका:* मग भिंतीवरचं बटण बंद, मागची पॉवर केबल काढा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर सगळं काढा. आता पुढचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते. लाईट ये-जा झाल्यावर कधीकधी एवढ्यानेही मशीन शुद्धीवर येतं.

*सेक्रेटरी, ए-१०२:* नाही आलं. पण आता कान देऊन ऐकलं तर आतून बीप येतोय. लांब बीप, थांबून परत लांब बीप.

*बी-२०३ काका:* उत्तम! हे आधी हवं होतं. कंपनीप्रमाणे फरक असतो, पण असा थांबून थांबून लांब बीप बहुतेक वेळा रॅमचा. एक लांब, दोन आखूड असता तर डिस्प्लेकडे बघितलं असतं. पावसाळ्यात तळमजल्याच्या ओलीने रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर थर बसतो.

*बी-३०४:* मी खाली जातेय मदतीला. काय आणू?

*बी-२०३ काका:* पेन्सिलचं मऊ पांढरं खोडरबर, कोरडा ब्रश, स्क्रूड्रायव्हर. पॉवर केबल काढलेलीच राहू दे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला, अंगावरच्या स्थिर विजेने रॅम मरते. आणि वायरींचा जुडगा जिथून निघतो तो एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा उघडायचा नाही. केबल काढल्यावरही त्यात झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो.

*बी-३०४:* झाकण काढलं. धुळीचा गालिचा आहे आत. हिरव्या दोन पट्ट्या दिसल्या.

*बी-२०३ काका:* दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबा, पट्टी सरळ वर येईल. दातांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा ब्रशने झाडा. मग दोन्ही नाही, एकच लावा. खाच जुळवून, खिट्टी 'टक' वाजेपर्यंत दाबा.

*बी-३०४:* पहिली पट्टी लावली. तोच बीप.

*बी-२०३ काका:* केबल काढा, पट्टी बदला. पट्टी बसवायचा स्लॉट तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने झालं ते कळत नाही.

*बी-३०४:* लोगो आला!!!

*ट्रेझरर, सी-१०४:* 🙏🙏 डोळ्यांत पाणी आलं.

*सेक्रेटरी, ए-१०२:* काळ्या स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम एरर, एफ-१ दाबा' असं आहे. दाबलं, विंडोज उघडलं. फाइल्स दिसतायत. पण तारीख १ जानेवारी २०१५ आहे आणि कुठलीच वेबसाइट उघडत नाही.

*बी-२०३ काका:* मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीमॉस म्हणजे मशीनची तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी, ती या सेलवर चालते. तारीख चुकली की वेबसाइटची प्रमाणपत्रं मशीनला खोटी वाटतात, म्हणून उघडत नाहीत. ट्रेझररबाई, तारीख दुरुस्त होईपर्यंत एकही पावती टाकू नका, २०१५ ची नोंद होऊन बसेल. सेल सीआर-२०३२ आणा. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. सीआर-२०२५ देतील, तो पातळ असतो, घेऊ नका.

*सी-५०१:* भाचा स्टेशनजवळच आहे, त्याला सेल आणायला सांगितलंय. बीप देणाऱ्या त्या पहिल्या पट्टीचं काय?

*बी-२०३ काका:* ती बाजूला ठेवा. मरण पावली असावी, पण खात्री दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून करू, सभा झाल्यावर. आत्ता एका पट्टीवर मशीन हळू चालेल, चालू दे. सर्वांत आधी कॉपी काढा, सेल नंतर.

*ट्रेझरर, सी-१०४:* पेन ड्राइव्हवर घेतेय. एक माझ्याकडे, एक सेक्रेटरींच्या घरी. ऑफिसात एकही नको, मागच्या वर्षी तिथे पाणी शिरलं होतं.

*सेक्रेटरी, ए-१०२:* नोटिशीचा मसुदा सापडला. उद्या सकाळी प्रिंट काढतो, वॉचमन घरोघरी सही घेऊन देईल. परदेशी असलेल्या सभासदांना ईमेल. काका, रात्री जेवायला आमच्याकडे. लिफ्ट चालू आहे.