मामांची बीटल घ्यावी की वाळवंटातली? गंजाबद्दल विचारायचं आहे

हवाथंड_इंजिन

माझ्या मामांकडे १९६७ ची फोक्सवॅगन बीटल आहे. मागच्या सीटच्याही मागे सामानासाठी जो खोलगट कप्पा असतो, त्यात कोणी बसायचं यावरून आम्हा भाचरांची भांडणं व्हायची. तिथे बसलं की पाठीला इंजिनची ऊब लागायची आणि टरटर आवाज थेट छातीत घुमायचा. मामांना आता चालवणं होत नाही, ते म्हणतात घेऊन जा.

अडचण अशी की ही गाडी जन्मभर समुद्राला लागून उभी राहिली. रंग चकाचक आहे, अलीकडेच मारलाय. पण दार लावलं की आतून काहीतरी झरझर खाली पडल्यासारखं ऐकू येतं. त्याच सालची दुसरी एक बीटल विकायला आहे, वाळवंटी प्रदेशातली. तिचा रंग पांढरट पडलाय, काचांची रबरं तडकलीत, डॅशबोर्ड चिरलाय. जो तो मला मामांचीच घे म्हणतो, कारण दिसायला ती नवी वाटते. हवामानाने खरंच इतका फरक पडतो का? की एवढ्या जुन्या सगळ्याच गाड्या आतून सारख्याच सडलेल्या असतात?

पत्र्याचा_माणूस

सारख्या मुळीच नसतात. जुनी गाडी कुठल्या सालची याच्या आधी ती कुठे राहिली हे मी विचारतो. तुम्हाला ऐकू येते ती झरझर बहुतेक गंजाच्या पापुद्र्यांची आहे. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. ती धुळीने बुजली की दार आतून ओलंच राहतं आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. नवा रंग याबद्दल काहीच सांगत नाही.

लोकांना वाटतं गंज पावसाने येतो. पाऊस त्या मानाने बरा, तो मीठ धुऊन नेतो. खरा प्रश्न हा, की पत्रा वर्षातले किती तास ओलसर असतो आणि त्या ओलाव्यात मीठ आहे का. स्वच्छ पोलाद हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर जवळजवळ गंजत नाही. पण त्यावर मीठ बसलं की हिशेबच बदलतो. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि विरघळतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलं होतं. म्हणजे किनाऱ्यावरची गाडी थेंबभर पाऊस न पडताही रात्रभर भिजत असते.

आकड्यांत बघा. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात, हवा धातूला किती गंजवते त्यावरून, हवेचे वर्ग पाडलेत. सौम्य हवेत, म्हणजे सी २ वर्गात, उघड्या पोलादाची पहिल्या वर्षातली झीज १.३ ते २५ मायक्रॉन धरतात. खाऱ्या किनाऱ्याच्या सी ५ वर्गात तीच ८० ते २०० मायक्रॉन. गाडीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर, म्हणजे ८०० मायक्रॉन. रंग शाबूत आहे तोवर हे आकडे लागू नाहीत, पण पोकळ भागांच्या आत कारखान्यातला रंग त्या काळी नीट पोचतच नसे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसला तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

बीटलमध्ये दोन जागा मी सगळ्यात आधी बघतो. बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिथलं आम्ल आणि ओल मिळून खालचा फ्लोअर खातात. सीट उचला आणि हाताने चाचपा. दुसरी जागा दारांखालची पोकळ पट्टी, जिच्यातून इंजिनची गरम हवा पुढे जाते. ती नुसती हवेची नळी नाही, बॉडीचा ताठपणा तिच्यावर आहे. पुढून मागेपर्यंत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द. मग पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून दाराच्या खालच्या कडा आणि मडगार्डवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे.

वाळवंटातल्या गाडीला एक प्रश्न मात्र विचारा: समुद्रापासून किती आत? वाळवंट म्हणजे कोरडं हे गृहीत धरू नका. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नाही, पण समुद्राचं धुकं सतत येतं आणि लोखंड खाऊन टाकतं. आखाती किनाऱ्यावरही हवा दमट आणि खारी. गाडी खरोखर आतल्या भागातली असेल, तर तिचं नुकसान उन्हाने केलेलं आहे: रबर, प्लास्टिक, कापड, वायरींचं आवरण. बीटल २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या, शेवटची २००३ साली मेक्सिकोत. हे सगळं सामान आजही नवं मिळतं. सडलेला पत्रा कापून नवा जोडणं हे मात्र महिनोन्महिन्यांचं काम आहे.

मीठवाला_रस्ता

थंड देशात राहिलेल्या गाडीबद्दल कोणी विचारेल म्हणून जोडतो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये सुरुवात केली आणि युद्धानंतर ते सगळीकडे पसरलं. त्यामुळे समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या गाड्याही खालून किनाऱ्यावरच्या गाड्यांसारख्याच सडतात. कडाक्याच्या थंडीत गंज मंद चालतो. पण तीच मीठ लागलेली गाडी रात्री उबदार गॅरेजमध्ये आणली की बर्फ वितळतो, खारं पाणी सांध्यांत शिरतं आणि उबेत गंज वेग घेतो. काळजीने आत ठेवलेली गाडी अशी जास्त लवकर जाते. आधी तळ धुवायचा, मगच आत घ्यायची.

लाल_टेललॅम्प

वरचं सगळं मान्य. तरीही मी मामांचीच घेईन. गाडी म्हणजे फक्त पत्रा नाही हो. क्युबात १९५९ च्या क्रांतीआधीच्या अमेरिकन गाड्या चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर अजून धावतात. त्यांचा किती पत्रा मूळचा उरलाय कोण जाणे, पण ज्यांच्या घरात त्या आहेत त्यांच्यासाठी ती आजोबांचीच गाडी असते. दुसरी बीटल तुम्हाला कधीही मिळेल. ज्या कप्प्यासाठी तुम्ही भांडलात तो एकाच गाडीत आहे.

हवाथंड_इंजिन

सगळ्यांचे आभार, काल जाऊन नीट बघितली. बॅटरीखाली हात आरपार गेला. डावी पोकळ पट्टी पूर्ण बद्द वाजते, उजवी मागच्या अर्ध्यात. दारांच्या खालच्या कडांना चुंबक धरतच नाही. पण फ्लोअरच्या मधला लांब बोगदा, ज्यावर सीटखाली नंबर ठोकलाय, तो टणक आहे. दुसरी गाडी किनाऱ्यापासून खूप आत होती, मालकाने तळाचे फोटो पाठवले, मूळ काळा रंगसुद्धा शाबूत आहे. लाल_टेललॅम्प, तुमचं वाचून मन पुन्हा मामांच्या गाडीकडे गेलं. हे काम होण्यासारखं आहे का?

पत्र्याचा_माणूस

बोगदा चांगला असेल तर होण्यासारखं आहे, आणि मग मीही मामांचीच घ्या म्हणेन. बीटलची बॉडी फ्लोअरवर बोल्टांनी बसवलेली असते, ती उचलून वेगळी करता येते. फ्लोअरचे डावे-उजवे अर्धे आणि त्या पोकळ पट्ट्या नव्या मिळतात. म्हणजे नंबर, इंजिन, बॉडीचा वरचा भाग आणि तुमचा तो कप्पा, सगळं मामांचंच राहील.

डेंटरला एक गोष्ट बजावून सांगा. पट्टी कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बॉडी जखडायची आणि एका वेळी एकच बाजू कापायची. नाहीतर बॉडी मधून वाकते आणि पुढे दारं कधीच नीट लागत नाहीत. जोडायच्या कडांना वेल्डिंगआधी झिंक प्रायमर (जस्ताचा अस्तर-रंग), रंग झाल्यावर दारांच्या आत आणि इतर बंद पोकळ्यांत पातळ मेण फवारा, पाण्याची भोकं मोकळी ठेवून. गरम हवेच्या वाटेत मात्र मेण नको, वास थेट गाडीत येईल. काम चालू असेपर्यंत गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, खाली ओल कोंडते. छपराखाली, वारा खेळेल अशी उभी करा. आणि तिथून हलवण्याआधी तळ गोड्या पाण्याने दोनदा तरी धुऊन घ्या.