लग्नातले ग्रुप फोटो अवघडलेले येऊ नयेत म्हणून काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे आणि "तुला फोटोतलं कळतं" म्हणून घरच्यांनी ग्रुप फोटोंचं सगळं माझ्या गळ्यात मारलंय. कॅमेरा मला धरायचा नाहीये, त्याला फोटोग्राफर आहे, पण कोणी कधी कुठे उभं राहायचं ते मी बघायचं.

धास्ती का घेतलीये ते सांगते. माझ्या स्वतःच्या लग्नात भर दुपारी सगळ्यांना उन्हात उभं केलं होतं, एकेक ग्रुप बोलावत पाऊण तास गेला आणि सगळ्यात मोठा फॅमिली फोटो ठेवला शेवटी. त्यात मामा घड्याळ बघतोय, आत्याने पोराची हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडे वळवलंय आणि नेमके त्याचेच डोळे मिटलेत, आणि मी हसतेय की माझी दाढ दुखतेय ते मलाही सांगता येत नाही. आजी तर फोटोतच नाही. ती दमून आत जाऊन बसली होती, कोणाच्या लक्षातच आलं नाही.

आता आईने यादी दिलीये, ३४ ग्रुप! त्यात बिल्डिंगवाले वेगळे आणि जुने बिल्डिंगवाले वेगळे. तर मला विचारायचंय की एवढे ग्रुप खरंच होतात का, वेळ कुठली धरावी, आणि लोक फळ्यासमोर उभं केल्यासारखे ताठ न होता जरा माणसांसारखे दिसावेत म्हणून काय करता येईल? अनुभवी लोकांनी प्लीज लिहा.

खिडकीजवळची:
३४ विसर. माणसं गोळा करणं, रांग लावणं, "अगं ती कुठे गेली" हे सगळं धरून एका ग्रुपला तीन मिनिटं तरी जातातच, म्हणजे १०२ मिनिटं झाली, आणि तेवढा वेळ नवरा-नवरी एका जागी उभे. तोवर कोणाचं हसू टिकणारे? दहा-बारा ग्रुप ठेव, फक्त घरचे. ऑफिसवाले, बिल्डिंगवाले जिथे घोळका करून गप्पा मारत असतील तिथेच नवरा-नवरीला नेऊन उभं कर, तसे फोटो जास्त छान येतात. आणि सुरुवात सगळ्यात मोठ्या ग्रुपने, मग एकेकाला सोडत जायचं. आजीआजोबा आणि लहान पोरं पहिल्या दहा मिनिटांत मोकळी झाली पाहिजेत.

चष्मिश:
वरच्या प्रतिसादाला +१. हाक मारायला दोन्हीकडचा एकेक जण ठेवा, ज्याला सगळे चेहरे माहितीयेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे असा. फोटोग्राफरला तुमची काकू कोण आणि मावशी कोण हे कसं कळणार, तो बिचारा "निळ्या साडीवाल्या मॅडम" करत बसतो.

उजेडाचं म्हणाल तर दुपारचं डोक्यावरचं ऊन नकोच, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि सगळे डोळे बारीक करतात. इमारतीची सलग सावली शोधा, समोर मोकळं आकाश असेल अशी. झाडाखाली मात्र नीट बघून उभं करा, पानांतून येणारे उन्हाचे कवडसे तोंडावर पडले की कितीही एडिट करा, जात नाहीत. मावळतीच्या आधीचा तासभर मिळाला तर उत्तमच. दोन-तीन रांगा असतील तर फोटोग्राफरला म्हणावं अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ठेवायचं ते) एफ ५.६ ते ८ च्या आसपास ठेव, नाहीतर पुढचे शार्प आणि मागचे धूसर. आणि जागा कमी म्हणून फार वाइड लेन्स लावू देऊ नका, कडेची माणसं ताणली जाऊन रुंद दिसतात. मी एकदा हौसेने काढला होता तसा फोटो, कडेच्या काकूंनी अजून माफ केलेलं नाही.

एक_रिकामटेकडा:
मिटलेल्या डोळ्यांवर चक्क गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या दोघांनी ते मांडलं आणि २००६ साली त्यांना गणिताचं इग नोबेल मिळालं (हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते). २० पेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला ३ ने भागायचं, कमी असताना २ ने, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असायची बऱ्यापैकी खात्री. म्हणजे १८ जण असतील तर ६ किंवा ९. एकच क्लिक करून "झालं, पुढचे या" म्हणणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती:
धन्स सगळ्यांना! यादीला कात्री लावायला बसलेय. पण मामाचं काय करू? एरवी हसवून मारतो, कॅमेरा दिसला की पासपोर्ट फोटो.

खिडकीजवळची:
त्याला हाताला काम दे. आजीला मधे खुर्चीत बसव आणि त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवायला सांग, किंवा एखादं पोर कडेवर दे. सगळ्यांना एका रेषेत उभं करू नकोस, कोणी बसलेलं, कोणी वाकलेलं, मागच्यांची डोकी पुढच्यांच्या मधल्या फटीत. "स्माइल" अजिबात म्हणायचं नाही, आपसात बघा म्हणायचं. आणि फोटोग्राफरला गुपचूप सांगून ठेव की "झालं" म्हटल्यावर कॅमेरा खाली घेऊ नकोस. तेव्हा सगळे सुटतात, खांदे पडतात, कोणीतरी काहीतरी बोलतं, तो फोटो घे.

चष्मिश:
आणि मोबाईलवाल्यांना थांबवा हो! बाजूने पाच जण फोन धरून उभे राहिले की अर्धे इकडे बघतात, अर्धे तिकडे. आधी मुख्य कॅमेरा, मग त्यांना एक मिनिट द्या, कोणी रुसत नाही.

धागाकर्ती:
अपडेट: यादी ११ वर आलीये. आजी पहिल्या फोटोत, खुर्ची आत्तापासून ठरलेली, हाका मारायला आत्या (आवाज तिचाच). आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रात्री हळूच येऊन एक ग्रुप परत वाढवून गेली. जुने बिल्डिंगवाले.