केस गळालेला लांडगा, खरूज असंल का?

येडशी अभयारण्याकडच्या माळावर काल लांडगा दिसला, शेपटी पार उंदरासारखी अन् दर चार पावलाला बसून खाजवायलाय. शेळ्यांना लागंल का?

— खरूजच वाटतीय. बारीक किडा असतो, कातडीत बिळं करून अंडी घालतो. मेलेली जनावरं आपण उघड्यावर फेकतो ना, तिथं गावची कुत्री अन् लांडगे दोघंबी येतात, मग होतंच. शेळ्यांपेक्षा कुत्र्याकडं बघा आधी.

— अमेरिकेत तर १९०९ ला मोंटानात सरकारी डॉक्टरांनीच लांडगे मारायला मुद्दाम खरूज सोडलती! तिथल्याच यलोस्टोन नॅशनल पार्कमधे १९९५ ला लांडगे परत आणले, २००७ ला त्यांच्यातबी खरूज निघाली. तिथल्या थंडीत केस गेले की अवघडच.

— आमचं कुत्रं कालपासून कान खाजवायलंय राव 😐 डॉक्टरला दाखवतो.